तुझं ते पांढरं हॉटेल

रत्या,

तुला तापीवर पोचवून आलो त्याला आज पाचवा दिवस, आणि मी तुझ्यावर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, त्यांना तू दोस्त म्हणून मिळाला नव्हतास. दुकानाचं शटर अर्धं ओढून, ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यांमध्ये खुर्ची टाकून बसलोय. आज बाजाराचा दिवस. एव्हाना तू आला असतास. बाहेरूनच मोटरसायकलचा हॉर्न वाजवून 'चाल ना भो, भूक लागनी' म्हणून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला असतास. मग जेवायला कुठं जायचं यावरून आपली जुंपली असती आणि शेवटी तुझंच खरं झालं असतं.

आज दुपारी मी एक काम करून बसलोय. त्यापायी तुझ्या घराचं दार मला बंद झालं. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. पण त्यासाठी शुक्रवारपासून सुरुवात करावी लागेल.

शुक्रवारी नदीवरून परतलो तेव्हा तुझ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. घरातली चूल बंद होती. शेजारच्या घरांतून भाकरी-पिठलं आलं. कडू घासाला सगळ्यांना बसवलं. जवळच्या माणसानं घरच्यांच्या तोंडात पहिला घास घालायचा, त्याशिवाय घरचं कुणी अन्नाला हात लावत नाही. वहिनींना त्यांच्या भावजयीनं दिला. चेतनला द्यायला तुझ्या भावांनी मला पुढं केलं. पंचवीस वर्षांचा गडी, सकाळी बापाला अग्नी देऊन आलेला. मी चांगला मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड उघडलं. घास आत जाईना.

मला वाटलं, रडू दाटलंय म्हणून. त्यानं मान खाली घातली, माझ्या हातातला घास आपल्या हातात घेतला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा बोटानं गालाच्या कडेनं आत ढकलला. रत्या, हे असं खाणं मी ओळखतो. वर्षभर मी ते टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. मी वर बघितलं तर वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना माहीत होतं.

राख सावडून आल्यावर त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, वहिनी, पोराला ताबडतोब सुरतेला दाखवू. त्या म्हणाल्या, "भाऊ, वरीसना आत लगीन करनं पडी, नही ते तीन वरीस थांबनं पडी. पोरीवाला तयार शेतस. एकदाव लगीन होऊ द्या. मंग दवाखाना." आणि मग त्यांनी मला तुझीच आण घातली, की हे बाहेर बोलायचं नाही.

हे वाक्य त्यांचं नव्हतं. हे तुझं वाक्य. त्या पांढऱ्या हॉटेलात, भिंतीकडे तोंड करून बसलेला असताना, तू ते माझ्या तोंडावर फेकलं होतंस. तेव्हा लगीन तुझ्या लेकीचं, चारूचं होतं, एवढाच फरक.

तुला नवीन काही सांगत नाहीये. पण मला एकदा सगळं क्रमानं आठवून बघायचंय.

बाजाराच्या दिवशी बाहेर जेवायची रीत तू घातलीस. माझी सुनंदा गेली त्या वर्षी मी स्वयंपाकघरात उभा राहून, पातेल्यातूनच खायचो. ताट घ्यायचासुद्धा कंटाळा. तू एकदा न सांगता घरात शिरलास, माझ्या हातातलं पातेलं काढून मोरीत ठेवलंस आणि म्हणालास, "माणूस मेलं शे, पंगत नही मेली." तिथून मला हाताला धरून नेलंस ते थेट बसस्टँडमागच्या गल्लीत, आप्पाच्या खानावळीत. पुन्हा माणसांत बसून जेवायला मला तू शिकवलंस. हे उपकार मी तुला कधी बोलून दाखवले नाहीत. दाखवले असते तर तू मला शिव्या घातल्या असत्यास, आणि त्या मला आत्ता ऐकायला आवडल्या असत्या.

आप्पाकडे कोपऱ्यातली पंख्याखालची जागा तुझी. लाकडी बाकडं, धुरानं काळवंडलेलं छप्पर, आणि ती शेवभाजी. काळ्या मसाल्याचा बोटभर तवंग. तू कळण्याची भाकरी कुस्करायचास, मुठीनं कांदा फोडायचास, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढं केलीस की आप्पा गल्ल्यावरून ओरडायचा, "रतिलाल, रस्सा शे तो, कॅनॉलनं पानी नही!" सगळी खानावळ हसायची. तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तू तळलेली मिरची मागायचास. तुला जेवताना बघून माणसाला भूक लागायची, एवढं चवीनं खायचास तू.

मग एका बाजाराला तू गाडी बसस्टँडकडे न वळवता सरळ बायपासला नेलीस.

त्या हॉटेलाला नाव आहे, पण मी ते कधी घेतलं नाही. पांढऱ्या फरशा, पांढऱ्या ट्यूबलाइटा, पांढरी इडली, पांढरी चटणी, पांढरा दहीभात. वेटरांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या. आवाज बंद केलेला टीव्ही. आत शिरलं की आधी फिनेलचा वास, मग जेवणाचा. गिऱ्हाईक म्हणजे बँकेत बदली होऊन आलेले साहेब, नाहीतर मोटारीनं गुजरातकडे निघालेली कुटुंबं. आपल्याकडचा माणूस तिथं जाणार तो फक्त पोराला ताप आला तर. मी तुला विचारलंही, "हे जेवण आहे की पथ्य?" तू म्हणालास, "हलकं ऱ्हास रे पोटले. आते वय व्हयनं." मी म्हटलं, वयाचं नाव सांगू नकोस. जावई शोधायला निघालायस, म्हणून चमच्यानं खायला शिकतोयस.

तुला किती बोललो मी! दर आठवड्याला तेच. तू बायपासला वळायचास आणि मी मागच्या सीटवर बसून कुरकुरायचो. शेवटी मी खिशात लसणाच्या चटणीची डबी घेऊन यायला लागलो. इडलीवर ती लाल चटणी भुरभुरली की जाळीच्या टोपीवाला माझ्याकडे असं बघायचा, जसं काही मी त्याच्या फरशीवर थुंकलोय. डबी तुझ्यापुढं सरकवली की तू खुर्ची मागं घ्यायचास. मला वाटायचं, शिष्ट झाला लेकाचा.

आणि मग ती पाणीपुरी. हॉटेलाबाहेर गाडी लागायची, आठवतं? एका संध्याकाळी दहीभात खाऊन माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, निदान ही तरी खा. गाडीवाल्यानं भरलेली पुरी तुझ्या हातात दिली. तू ती नुसती धरून उभा. मी म्हटलं, खा ना! तू तोंडाशी नेलीस, दाबलीस, आणि ती बाहेरच फुटली. हिरवं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून शर्टावर. मी पोट धरून हसलो. गाडीवालाही हसला. तूही हसलास, आणि तू हसलास तेव्हा मला दिसलं. तू दात न उघडता हसत होतास. जबडा हलतच नव्हता. माझं हसू तिथंच थांबलं. तू रुमालानं कोपर पुसलंस आणि म्हणालास, "चाल, जाऊत."

दुकानात येऊन, शटर ओढून, तू सांगितलंस. आधी तिखटानं आग व्हायची, मग साध्या कांद्यानं. मग गालांत आतून दोरी आवळल्यासारखं झालं. आता डाव्या गालात एक जखम आहे, ती भरत नाही. दातांच्या डॉक्टरनं तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली होती, दोन घालतानाच डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाला, गुटख्याच्या पुड्या आजच्या आज बंद करा आणि सुरतेला जाऊन तुकडा तपासून घ्या. "कधी म्हणाला?" मी विचारलं. तू म्हणालास, "व्हयनात दोन महिना."

त्या दिवशी मी माझी तंबाखूची चंची गटारात टाकली. शहाणपण वगैरे काही नाही, निव्वळ भीती. तू टाकली नाहीस. सीमेपलीकडून येणाऱ्या त्या पुड्या तुझ्या खिशात शेवटपर्यंत होत्या. "आते सोडीसन काय व्हई?" असं वर मलाच विचारायचास.

पुढच्या बाजाराला मला त्या हॉटेलाचा खरा उलगडा झाला. तिथलं काही झोंबत नव्हतं आणि सगळं चमच्यानं तुटत होतं, हे एक. आणि तिथं तुझ्या सोयऱ्यांतलं कुणी फिरकत नव्हतं, हे दुसरं. आप्पाकडे दर दुसऱ्या बाकड्यावर कुणाचा मामा, कुणाचा व्याही. तुमची नदीकाठची गावं सगळी एकमेकांत गुंतलेली. तू घास बोटानं ढकलतोयस हे एकानं पाहिलं असतं तर दिवस मावळायच्या आत चारूच्या होणाऱ्या सासरी निरोप गेला असता. तिची बोलणी चालू होती. बापाच्या तोंडात हा रोग आहे म्हटल्यावर पाहुणे मागं फिरतील, या भीतीनं तू माझ्यासमोर दर बाजाराला पांढरा भात गिळत होतास.

"पोरनं लगीन होऊ दे सुभ्या. मंग तू म्हणशी तठे येसू."

"तोपर्यंत वाढला म्हणजे?"

"आन् सुरी लागनी का पसरस, हाई काय तुले माहीत नही?"

मी हातातला चमचा फेकला. तो फरशीवर खणखणत गेला आणि सगळं हॉटेल आपल्याकडे बघायला लागलं. तू माझा हात दाबलास. "तुले मन्ही आन शे. कोणले सांगू नको."

त्यानंतर मला ते हॉटेल जास्तच डोक्यात जायला लागलं. आप्पाकडे असतो तर मी बाकड्यावर मूठ आपटली असती, आरडाओरडा केला असता, चार माणसं उठून आली असती, त्यांनी तुला दोन शिव्या हासडून गाडीत घातलं असतं. त्या फिनेलच्या वासात ओरडता येत नाही. तिथं माणूस आपोआप हळू बोलतो. तुझ्या जगण्यामरण्याचं भांडण आपण खोबऱ्याची चटणी खात, कुजबुजत भांडलो. मी आवाज चढवला की तू म्हणायचास, "इडली थंडी व्हई ऱ्हायनी." आणि मी गप्प बसून इडली खायचो.

चारूचं लगीन लागलं. भर वैशाख, मांडवात पंखे गरम वारा फेकत होते. व्याहीभेटीला त्या लोकांचा तो गलेलठ्ठ मामा हातात अख्खा लाडू घेऊन तुझ्यापुढं आला. "व्याही, तोंड उघाडा!" फोटोवाला तयार. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तू मोठ्यानं हसलास, त्याच्या हातातून लाडू हिसकावलास, मुठीत चुरा केलास आणि फुटाण्यासारखा तोंडात टाकलास. लोकांना वाटलं, रतिलाल म्हणजे पहिल्यापासून गमत्या माणूस. तू रुमाल तोंडाला लावलास. मी मागंच उभा होतो, रुमालावरचं लाल मला दिसलं. मग तू गर्दीत मला शोधलंस आणि डोळा मारलास.

जिंकलास तू. त्या डोळा मारण्याचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही, आणि आज तो आठवला की रडू येतं. एवढ्या वेदनेत तुला माझी फिकीर होती. मी घाबरलोय हे तुला कळलं होतं.

लगीन झालं तरी तू कुठं आलास? आधी चारूला आणायला मूळ पाठवायचं, मग केळीचा माल कापणीला आला, मग पाऊस. मानेला गाठ दिसायला लागली तेव्हा गाडीत बसलास. सुरतेच्या डॉक्टरनं तुला तपासलं आणि प्रश्न मला विचारला, "आधी का नाही आणलं?" मी म्हटलं, घरात लग्न होतं. त्यानं मान हलवली. त्याला हे उत्तर नवीन नव्हतं.

अर्धा जबडा काढला. जिभेचा तुकडा काढला. छातीची कातडी गालाला लावली. आणि वर्षाच्या आत ते पुन्हा आलं, कारण आधीच सगळीकडे पोचलं होतं. गावात काय म्हणाले ठाऊक आहे? "सुरी लागनी, पसरना." आता तुझं नाव सांगून आणखी चार जण घरी बसतील.

तुला मागच्या खोलीत ठेवलं होतं. नाकातून नळी, वहिनी पातळ केलेलं काहीबाही त्यातून ढकलायच्या. कुणी भेटायला आलं की सांगायचं, झोपलाय. खोलीला वास यायचा, उदबत्तीनं तो जात नव्हता. तुझं बोलणं वहिनींना आणि मला कळायचं. बाकीचे कळल्यासारखं करून बाहेर जायचे. बाजाराच्या दिवशी मी तुझ्याकडे यायला लागलो. तू माझ्याकडे येऊ शकत नव्हतास म्हणून.

त्यातल्या एका दिवशी तू उठून बसलास आणि हातानं खूण केलीस, चल. वहिनी नको नको म्हणत होत्या. तू स्वतःच तोंडाला गमछा गुंडाळलास. गाडी काढताना मी म्हटलं, "रत्या, आता तरी आप्पाकडे जाऊ. तुला खायचं नाहीच आहे, रश्शाचा वास तरी घे." तू मान हलवलीस. मला तेव्हाही राग आला. चारू सासरी सुखात आहे, आता कुणापासून लपायचंय? तू काहीतरी बोललास. मी पुन्हा विचारलं. तू सावकाश, एकेक शब्द ढकलत म्हणालास, "तठे मी जेवनारा माणूस शे. तसाच ऱ्हाऊ दे."

मग मी गाडी मुकाट बायपासला घेतली.

तेच मागचं टेबल. माझ्यासाठी मसाला डोसा तू सांगितलास, बोटानं दाखवून. तो आला. तू चटणी माझ्याकडे सरकवलीस आणि माझ्या खिशाकडे बोट केलंस. लसणाच्या चटणीची डबी मी केव्हाच सोडून दिली होती. तू खट्टू झालास. मग तू बघत बसलास आणि मी जेवलो. मला एक घास जात नव्हता. मी थांबलो की तू बोटानं टेबल वाजवायचास, खा. मी गिळलं की तुझा गळा हलायचा. माझ्या घासाबरोबर तुझा गळा हलायचा, रत्या. अख्खा डोसा मी तसा संपवला. एवढं वाईट जेवण मी कधी जेवलो नाही, आणि परत मिळणार असेल तर आत्ता उठून जाईन.

शेवटी तू चेतनचं नाव घेतलंस. मी विचारलं, काय चेतनचं? तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस आणि हात हलवलास, जाऊ दे. मला वाटलं, शेतीचं काही असेल. त्यानंतर आपण कुठं जेवायला गेलो नाही.

तुला माहीत होतं का रे? एका घरात दोघं, तुझ्या खिशातल्या पुड्या त्यानं आधी चोरून आणि मग उघड खाल्ल्या असतील. तुला माहीत होतं आणि तरी तू गप्प बसलास, की तुला माहीत नव्हतं? मी रोज उठून यातलं एक उत्तर धरतो आणि संध्याकाळपर्यंत ते सुटतं. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत नाही. बहुतेक तू पुन्हा आण घातली असतीस आणि मी पुन्हा ऐकलं असतं. तुझ्याशी बिनसलं तर मला जेवायला बाहेर कोण नेणार होतं? एवढंच होतं ते.

तर आता आज दुपारचं.

चेतनसाठी ठरत आलेल्या त्या पोरीच्या बापाला मी फोन केला. नाव सांगितलं, तुझा दोस्त म्हणून सांगितलं. म्हटलं, पोरगा निर्व्यसनी नाही, त्याचं तोंड आवळत चाललंय, मी त्याला सुरतेला नेतोय, तपासणी होऊ द्या आणि मग काय ते ठरवा. तो म्हणाला, "तुम्ही कोण त्या पोऱ्याना?"

म्हटलं, "कोणी नही."

"घरना कोणी नही व्हतं का सांगाले?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

थोड्या वेळानं वहिनींचा आला. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "सुभाषभाऊ, मन्हा घरले तुम्ही आग लायी. तुम्हना दोस्तनी राख अजून गरम शे. आते आमना दारमा येऊ नका." त्यांचं काही चुकलं नाही. नवरा गेला, आठवडा झाला नाही, आणि पोराची ठरत आलेली सोयरीक नवऱ्याच्या दोस्तानं मोडली. माझं तोंड बघू नये असंच मी केलंय. पण रत्या, लपवायला काही उरलंच नाही तर लपून कशाला राहतील, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. तुझ्या वेळी माझ्याकडे तेवढी हिंमत नव्हती, आणि तू तरी मला ती करू दिली असतीस का?

इथपर्यंत लिहिलं आणि शटर वर गेलं. चेतन.

अग्नी दिलेल्यानं दहाव्यापर्यंत घराबाहेर पडायचं नाही, तरी आला. अंगावर तोच पांढरा सदरा, पायांत चप्पल नाही. मोटरसायकल तुझी. "काका, मन्ही सोयरीक तुम्ही मोडी?"

मी म्हटलं, "हो."

तो ओरडायला लागला. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, तुम्ही आमचे कोण, आईनं दुपारपासून पाणी घेतलेलं नाही. मी ऐकून घेतलं. ओरडताना त्याचं तोंड उघडत नव्हतं. सगळा राग दातांच्या फटीतून येत होता, आणि ते त्यालाही कळलं असावं, कारण तो मध्येच थांबला. नळ्यांच्या वेटोळ्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांत घातले.

मी विचारलं, "जखम शे का आतमा?"

"माहीत नही."

"माहीत नही म्हणजे?"

"मी आरसामा पाहत नही, काका."

मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती घेतली, पण प्यायला नाही. बाहेर बाजार उठत होता, टेम्पोवाले मोलगीकडच्या माणसांना हाका मारत होते. मी त्याला काही समजावलं नाही. तुला वर्षभर समजावलं होतं, तेवढं पुरे झालं. बऱ्याच वेळानं तो उठला, शटरपर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "कितला वाजता निघानं?"

सकाळी सहाला सुरतेला निघतोय, रत्या. तिथं ठेवून घेतलं तर दहाव्याला तो घाटावर नसेल. तुझा पिंड तुझे भाऊ देतील.